तितो गोब्बी: आवाजाने अभिनय करणारा गायक

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने इटलीतील ऑपेरा गायनाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या नोंदीत भर आहे तो भव्य नाट्यगृहांवर किंवा गाजलेल्या संगीतरचनांवर नाही, तर गाण्याच्या तंत्रावर आहे. कोणतेही विद्युत उपकरण न वापरता, केवळ शरीराच्या बळावर, मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची विद्या आणि गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली तिची परंपरा हा त्या नोंदीचा गाभा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र ऑपेरा भेटला तो पडद्यावर, दूरचित्रवाणीवर किंवा हातातल्या मोबाइलवर, म्हणजे नेमका माइक आणि कॅमेरा यांच्यामार्फत. मग जी कला माइकशिवाय गाण्यासाठी जन्मली, ती कॅमेऱ्यासमोर गेल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न रास्त ठरतो.

त्याचे उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीतून फार चांगले समजते, म्हणून हा लेख तितो गोब्बी या इटालियन गायकाभोवती गुंफला आहे. १९१३ मध्ये उत्तर इटलीतील बासानो देल ग्राप्पा या गावी जन्मलेल्या आणि १९८४ मध्ये रोममध्ये निधन पावलेल्या गोब्बी यांनी रंगमंचावर सुमारे शंभर भूमिका गायल्या आणि विसाहून अधिक चित्रपटांत काम केले. त्यांच्यापेक्षा मोठा किंवा अधिक मधुर आवाज असलेले गायक त्याच काळात इटलीत होते. तरीही ऑपेरा गायक हा मुळात आवाजाने अभिनय करणारा नट असतो, हे समजून घ्यायचे असेल तर मला गोब्बी यांच्याइतके दुसरे चांगले उदाहरण सापडत नाही.

ऑपेरा म्हणजे नेमके काय?

ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेले नाटक. आपल्या संगीत नाटकाशी त्याचे नाते चटकन लक्षात येते, पण एक मोठा फरक आहे. संगीत नाटकात पात्रे गद्यात बोलतात आणि भावना दाटून आली की पद म्हणतात. बहुतेक इटालियन ऑपेरात बोलणेही गायले जाते. पत्र वाचणे, नोकराला हाक मारणे, भांडणे, धमकी देणे हे सारे सुरांत आणि वाद्यवृंदाच्या साथीने घडते. आपल्या पदाच्या जवळ जाणारी जी स्वतंत्र, घाटदार रचना मधूनमधून येते तिला 'आरिया' म्हणतात, आणि लोकांच्या ओठांवर राहतात त्या बहुधा आरियाच.

दुसरा फरक असा की ऑपेराचा रचनाकार प्रत्येक भूमिका विशिष्ट जातीच्या आवाजासाठी लिहितो. पुरुषांच्या आवाजांत सर्वांत उंच तो टेनर, सर्वांत खर्जातला तो बास आणि या दोहोंमधला तो बॅरिटोन. सर्वसाधारणपणे टेनर हा प्रेमिक असतो, तर बॅरिटोनच्या वाट्याला बाप, भाऊ, राजकारणी, विदूषक आणि खलपुरुष येतात. गोब्बी बॅरिटोन होते. प्रेमिकाला गोड गाऊन निभावून नेता येते. परंतु मुलीच्या अब्रूसाठी तळमळणारा कुबडा विदूषक किंवा कानाशी लागून दुसऱ्याचा संसार उद्ध्वस्त करणारा हस्तक केवळ गोड गाऊन उभा राहत नाही.

माइक नसताना आवाज पोहोचतो कसा?

मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट. गायक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये साठ-सत्तर वादकांचा ताफा असतो. एकटा माणूस त्या सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडू शकत नाही, आणि ऑपेरा गायक ओरडतही नाही. त्याचे रहस्य आवाजाच्या आकारमानात नसून घडणीत आहे.

कोणताही स्वर एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वर वाजत असतात. तंबोऱ्याची जवारी जुळवताना आपण घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवतो तेव्हा हेच करतो. तार तीच राहते, पण दोरा योग्य जागी आला की तारेतले दडलेले वरचे स्वर एकदम उमलतात आणि तंबोरा बोलू लागतो. ऑपेरा गायक ही क्रिया आपल्या घशात करायला शिकतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. तो स्वरयंत्र किंचित खाली ठेवतो, घशाची पोकळी मोकळी करतो आणि स्वरयंत्राच्या लगतची नळी अरुंद राखतो. त्यामुळे सेकंदाला सुमारे ३००० कंपनांच्या आसपासचे वरचे स्वर एकत्र येऊन बळावतात. स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात या गुणधर्माचा बारकाईने अभ्यास केला.

या आकड्याला महत्त्व आहे, कारण वाद्यवृंदाच्या नादाचा जोर सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि त्यापुढे तो उतरत जातो. याउलट माणसाचा कान ३००० च्या आसपास विशेष तीक्ष्ण असतो. म्हणजे गायक वाद्यवृंदाशी झुंजत नाही, तर जिथे वाद्यवृंद क्षीण आणि श्रोत्याचा कान सावध असतो अशा जागेतून आपला आवाज काढून नेतो. बाजारातल्या कोलाहलात ट्रकच्या घरघरीपुढे सायकलची घंटी कितीतरी लहान असते, तरी आपण घंटी ऐकून बाजूला होतो, तसेच हे. आपल्या जुन्या नटमंडळींचा 'आवाजाची फेक' हा शब्द या विद्येला मला अगदी चपखल वाटतो.

आपल्या कानाला खटकणारी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. तंबोऱ्याच्या नादात स्थिर सूर ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला ऑपेरातला आवाज सतत थरथरतो असे वाटते. ही थरथर साधारणपणे सेकंदाला पाच ते सात वेळा होते, ती नियमित असते आणि चांगल्या दमसासावर तोललेल्या मोकळ्या आवाजात आपोआप उमटते. ती वाद्यांच्या नादातून मानवी आवाज वेगळा ओळखू येण्यासही मदत करते. ती लय सुटली आणि थरथर संथ व रुंद झाली, तर मात्र तो दोषच मानला जातो.

कायद्याच्या अभ्यासातून रंगमंचावर

गोब्बी पादुआ विद्यापीठात कायदा शिकत होते. कुटुंबाच्या एका स्नेह्याने त्यांचा आवाज हेरला आणि ते रोमला जुलिओ क्रीमी यांच्याकडे शिकू लागले. क्रीमी स्वतः नावाजलेले टेनर होते. पुच्चीनी यांच्या 'जान्नी स्कीक्की' या ऑपेराचा पहिला प्रयोग १९१८ मध्ये न्यूयॉर्कला झाला, तेव्हा त्यातला तरुण प्रेमिक त्यांनी गायला होता. पुढे त्याच ऑपेरातली धूर्त नायकाची भूमिका त्यांच्या या शिष्याच्या नावाशी जोडली गेली.

१९३५ मध्ये गुब्बिओ या लहानशा गावात गोब्बी प्रथम रंगमंचावर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी व्हिएन्नातील गायनस्पर्धा जिंकली आणि १९४२ मध्ये ते ला स्कालाच्या मंचावर आले. त्याच वर्षी त्यांनी केलेले आणखी एक काम मला अधिक मोलाचे वाटते. आल्बान बर्ग यांचा 'व्होत्सेक' हा ऑपेरा नाझी जर्मनीत वर्ज्य होता. एका पिचलेल्या गरीब सैनिकाची ही कथा कानाला सोपी नाही. तिच्यात गुणगुणावी अशी आरिया नाही. जर्मनीचा मित्र असलेल्या इटलीच्या राजधानीत, ऐन युद्धात, तूल्यो सेराफीन यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली त्याचा इटलीतला पहिला प्रयोग झाला आणि २९ वर्षांच्या गोब्बी यांनी त्यात नायक गायला. केवळ टाळ्या मिळवून देणारे सूर शोधणारा गायक त्या वयात या वाटेला गेला नसता.

युद्धानंतर सान फ्रान्सिस्को, लंडन, शिकागो आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन असा प्रवास झाला. पण तत्पूर्वीच इटलीतल्या सामान्य माणसाला गोब्बी ठाऊक झाले होते, आणि ते चित्रपटामुळे.

पडद्यावर चेहरा कुणाचा, आवाज कुणाचा?

गायकाला पडद्यावर आणण्याचा मोह बोलपटापेक्षाही जुना आहे. एनरिको कारूझो या महान टेनरने १९१८ मध्ये अमेरिकेत मूकपटात काम केले होते. ज्याचा आवाज ऐकायला लोक रांगा लावत, त्याचे फक्त हलणारे ओठ पाहायला ते फारसे आले नाहीत, यात नवल नाही.

बोलपट आल्यावर वाट मोकळी झाली. गोब्बी १९३७ च्या 'कोंदोत्तिएरी'मध्ये एका छोट्या भूमिकेत दिसले, परंतु खरा बहर आला तो १९४६ नंतर. त्याला कारण होते. युद्धात इटलीची नाट्यगृहे होरपळली होती. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत ला स्कालाचे मोठे नुकसान झाले होते आणि ते १९४६ च्या मे महिन्यात पुन्हा उघडले. लोकांना त्यांचे परिचित संगीत हवे होते आणि गावोगावच्या चित्रपटगृहात स्वस्त तिकिटात ते पोहोचवता येत होते. त्यातून ऑपेरापटांची एक लाटच आली. गोब्बी यांचे 'रिगोलेत्तो' (१९४६), 'सेव्हिलचा न्हावी' (१९४७) आणि 'पाल्याच्ची' (१९४८) हे चित्रपट या लाटेतले.

हे चित्रपट बनत कसे, ते भारतीय प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. संगीत आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि मग ते वाजवून त्याबरहुकूम ओठ हलवत चित्रीकरण करायचे, ही आपली प्लेबॅकची पद्धत. 'रिगोलेत्तो'मध्ये गोब्बी स्वतः गायले आणि स्वतःच दिसले. कथेतल्या रिगोलेत्तो या कुबड्या विदूषकाच्या मुलीचा चेहरा मात्र मार्चेल्ला गोव्होनी या अभिनेत्रीचा आणि आवाज लीना पाल्यूगी या गायिकेचा होता. 'पाल्याच्ची'मध्ये नायिका आहे तरुण जीना लोल्लोब्रिजिदा आणि आवाज आहे ओनेलिया फिनेस्की यांचा. त्याच चित्रपटातला फसवला गेलेला नवरा पडद्यावर साकारला तो आफ्रो पोली यांनी. ते स्वतः व्यावसायिक बॅरिटोन; पण ती भूमिका टेनरची असल्याने त्यांना आवाज दिला गाल्यानो माझीनी यांनी. स्वतः उत्तम गाणारा माणूस कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवतो आहे, हे दृश्य ऑपेरापटाची सारी गुंतागुंत एका चौकटीत दाखवते.

गोब्बी यांनी या चित्रपटात केले ते रंगमंचावर अशक्यच होते. 'पाल्याच्ची' ही फिरत्या तमासगिरांच्या मंडळीची कथा. तिच्यात तोनिओ हा कुरूप, झिडकारला गेलेला विदूषक आहे आणि सिल्व्हिओ हा नायिकेचा देखणा प्रियकर आहे. दोन्ही भूमिका बॅरिटोनच्या. तोनिओ या प्रेमिकांची भेट चोरून पाहतो आणि नवऱ्याला बोलावून आणतो. चित्रपटात या दोन्ही भूमिका गोब्बी यांनीच केल्या, म्हणजे आडोशाला उभे राहून डूख धरणारेही तेच आणि मिठीत घेणारेही तेच. वेशभूषा आणि संकलन यांनी अर्धे काम होते. उरलेले अर्धे आवाजाचे. एकाच गळ्यातून निघालेला एक आवाज खरबरीत, दबलेला आणि कडवट, तर दुसरा उजळ, आर्जवी. दोन माणसे वेगळी वाटतात ती याच फरकामुळे.

एका निराळ्या चित्रपटाचा उल्लेख करायला हवा. १९४९ च्या 'द ग्लास माउंटन' या ब्रिटिश चित्रपटात गोब्बी ऑपेरा गायक तितो गोब्बी म्हणूनच वावरले. त्याचे संगीत नीनो रोता यांचे. पुढे 'गॉडफादर'च्या सुरावटीने जगभर पोहोचले तेच हे रोता. या चित्रपटाने इंग्लंडमध्ये गोब्बी यांना अशा लोकांपर्यंत नेले, जे कधी ऑपेराच्या नाट्यगृहाची पायरी चढले नव्हते.

दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवणे ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रंगमंचावर गायकाला त्या क्षणी, त्या एकाच श्वासात, चुकण्याचा धोका पत्करून गावे लागते आणि प्रेक्षकाला तो धोका जाणवतो. चित्रपटात तो नसतो. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा करता येते.

पण पुन्हा पुन्हा करणे म्हणजे सोपे करणे, असा अर्थ नव्हे. १९५३ च्या ऑगस्टमध्ये ला स्कालात पुच्चीनींच्या 'तोस्का'चे ध्वनिमुद्रण झाले. गायक मारिया कॅलास, जुझेप्पे दी स्तेफानो आणि गोब्बी, संगीत-दिग्दर्शक व्हिक्तोर दे साबाता. निर्माते वॉल्टर लेग यांनी नंतर सांगितले की दे साबाता यांनी पहिल्या अंकातले गोब्बी यांचे गाणे तीसेक वेळा गाऊन घेतले. सूर चुकत होते म्हणून नव्हे, तर एकेका अक्षरावरची छटा आणि वजन मनासारखे यावे म्हणून. सात दशके उलटली तरी जाणकार हे ध्वनिमुद्रण सर्वोत्तमांत गणतात.

चित्रपटाने गायकाकडून आणखी एक नवी मागणी केली. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला भुवई दिसत नाही, म्हणून हातवारे मोठे करावे लागतात. कॅमेरा वीतभर अंतरावर येतो तेव्हा तोच हातवारा बटबटीत दिसतो. आपल्याकडेही याच सुमारास हा पेच उभा राहिला होता. गोब्बी गुब्बिओत पहिल्यांदा रंगमंचावर आले त्याच वर्षी, १९३५ मध्ये, नाट्यगृहे भारून टाकणारे बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथांच्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ज्यांनी रंगमंचावर अख्खे आयुष्य घालवले, त्यांना या वीतभर अंतराशी जुळवून घेणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करता येते. गोब्बी यांना वय अनुकूल होते. रंगमंच आणि कॅमेरा त्यांना जवळजवळ एकाच वेळी भेटले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे याच योगायोगाने त्यांचा अभिनय घडवला. आवाज मोठा ठेवून चेहरा संयमित ठेवण्याची कला त्यांनी कॅमेऱ्याकडून घेतली आणि ती परत नाट्यगृहात नेली.

आता माइक आहे, मग एवढी मेहनत कशासाठी?

माइक वापरणारे ऑपेरा गायकही आहेत. १९९० मध्ये रोमच्या प्राचीन काराकाल्ला स्नानगृहांच्या आवारात पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कार्रेरास या तीन टेनरांची प्रसिद्ध मैफल झाली, तीत उघड्यावरच्या हजारो श्रोत्यांसाठी माइक होतेच. त्यात गैर काही नाही.

तथापि माइक एक गोष्ट सपाट करतो. बंद नाट्यगृहात गायक प्रेक्षकांकडे पाठ फिरवतो तेव्हा आवाज खरोखर पाठमोरा होतो. मंचाच्या खोलातून आलेला आवाज खरोखर दूरचा वाटतो. आणि हळू गाणे म्हणजे दोन हजार माणसांनी श्वास रोखून पुढे झुकणे असते. ध्वनिवर्धकातून येणारा आवाज एकाच दिशेने, एकाच बळाने येतो. शिवाय ज्या आवाजाला दूरवर जाण्यासाठी घडवले आहे तो माइकने मोठा केला म्हणून बिघडत नाही. परंतु माइकसाठीच घडलेला आवाज माइक काढल्यावर तिसऱ्या रांगेतच विरतो.

भाषा कळत नसेल तर?

इटालियन न कळणे ही खरी अडचण आहे, पण ती आता बरीच हलकी झाली आहे. १९८३ मध्ये टोरँटोत मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात झाली आणि ती प्रथा जगभर पसरली. २००६ च्या अखेरीस मेट्रोपॉलिटनने आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात ते उपशीर्षकांसह पाहता येतात.

तरी मी नवख्या श्रोत्याला सांगेन की भाषांतर आधी वाचून घ्यावे आणि मग शब्दांच्या मागे न धावता आवाजाचा रंग ऐकावा. रिगोलेत्तो आपल्या मुलीला पळवून नेणाऱ्या दरबाऱ्यांवर तुटून पडतो, मग थकून त्यांच्याच पायाशी गयावया करू लागतो. गोब्बी यांच्या आवाजात हा उतार ऐकताना एकही शब्द कळला नाही तरी दार आतून बंद आहे आणि बाप बाहेर उभा आहे, एवढे नक्की कळते.

१९६४ चा दुसरा अंक

गोब्बी यांची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे 'तोस्का'मधला रोमचा पोलीसप्रमुख स्कार्पिया. १९६४ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये फ्रान्को झेफिरेल्ली यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रयोगाचा दुसरा अंक दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला. कृष्णधवल चित्रण, समोर तोस्काच्या भूमिकेत मारिया कॅलास. इथे ओठ हलवण्याचा प्रश्नच नाही. नाट्यगृहात गायले जात असलेले गाणेच कॅमेरा टिपतो आहे. रंगमंच आणि पडदा हे गोब्बी यांच्या आयुष्यातले दोन प्रवाह या पाऊण तासात एकत्र येतात.

स्कार्पियाला अनेक गायक राक्षस म्हणून रंगवतात. गोब्बी यांचा स्कार्पिया सभ्य आहे. तो नीटनेटका पोशाख केलेला, अदबीने खुर्ची देणारा, मद्याचा प्याला पुढे करणारा उमराव आहे. शेजारच्या खोलीत तोस्का या गायिकेच्या प्रियकराचा छळ चालू असताना त्याचा आवाज विनाकारण चढत नाही. भीती वाटते ती या सौजन्याची. प्रियकराच्या सुटकेची किंमत म्हणून तो तोस्कालाच मागतो, आणि अखेर ती मान हलवून होकार देते.

त्यानंतर स्कार्पिया त्या दोघांना शहर सोडून जाण्याचा परवाना लिहायला मेजाशी बसतो. कोणत्या वाटेने जाणार, एवढे विचारून झाल्यावर संहितेत त्याला गायला एकही स्वर नाही. वाद्यवृंद संथपणे वाजत राहतो. शंभर भूमिका ज्याने गळ्यावर पेलल्या तो गायक इथे फक्त लेखणी चालवतो आहे, ठरलेला सौदा पदरात पडल्याच्या खात्रीने, घाई न करता. त्याच वेळी जेवणाच्या मेजापाशी गेलेल्या तोस्काची नजर सुरीवर पडते. तो कागदावर मोहोर लावतो, घडी घालतो आणि उठून तिच्याकडे वळतो.